पाच आठवडे ॲसिड लावलं आणि चामखीळ जागची हलली नाही

उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला, नखाच्या अगदी कडेला चामखीळ झाली होती. कणीक मळताना पीठ अडकायचं त्यात. सासूबाई म्हणाल्या चुना नि पापडखार लाव, आमच्याकडे त्यानेच जायची. लावला. चामखीळ जशीच्या तशी, शेजारची चांगली कातडी मात्र भाजली, आठवडाभर भांडी घासताना डोळ्यात पाणी. तेव्हा हे कृपा करून करू नका.

मग मेडिकलवाल्याने छोटी बाटली दिली, सॅलिसिलिक आणि लॅक्टिक ॲसिड, दोन्ही १६.७ टक्के. "रोज रात्री एक थेंब," बास, एवढंच बोलला. वास नेलपॉलिशसारखा (गॅसजवळ लावू नका, पेट घेतं) आणि वाळलं की पांढरा पापुद्रा. मी रोज त्याच पापुद्र्यावर नवा थेंब टाकत गेले, पाच आठवडे, बोटाला व्हाइटनर लावल्यासारखं दिसायला लागलं.

शेवटी स्किनच्या डॉक्टरकडे. फोनवर साडेपाचची वेळ दिलेली, गेले तर हातात चोवीस नंबर आणि मॅडम अजून यायच्यात म्हणे. आल्या, तर बॅगा घेऊन दोन एमआर (औषध कंपन्यांची माणसं) आधी आत. रिसेप्शनवालीला विचारलं तर मान वर न करता "बसा ना". मुलाची ट्यूशन सुटली, नवऱ्याला फोन करून पाठवलं, मी बसलेच. पावणेआठला आत गेले, मॅडमनी चष्म्यावरून बोट बघितलं आणि विचारलं, "घासत नव्हतात का?"

अहो, कुणी सांगितलं घासायला!

ॲसिडने वरची जाड कातडी फक्त मऊ होते, ती काढायची आपणच. कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटं बोट बुडवायचं, पांढरं झालेलं फाइलने घासायचं, मग नवा थेंब, रक्त येईपर्यंत घासायचं नाही. ती फाइल वेगळी ठेवा, मी त्याच फाइलने नखं घासायचे, व्हायरस आहे तो, पसरतो. मी म्हटलं ते टीसीए (ट्रायक्लोरोॲसिटिक ॲसिड, डॉक्टर लावतात ते कडक ॲसिड) लावून टाका ना एकदाचं, तर म्हणाल्या नखाजवळ नको, आधी हेच नीट करा, बारा आठवडे लागू शकतात. दोन मिनिटांत बाहेर.

नवऱ्याच्या टाचेला मात्र नंतर टीसीए लावलं, त्याआधी तो कुरूप समजून सॅलिसिलिकची ४० टक्केवाली पट्टी चिकटवत होता आणि ती मोज्यात सरकून भलतीकडेच जायची. आत काळे ठिपके होते, म्हणजे चामखीळच. टीसीए लावल्या लावल्या जागा पांढरीफट्ट, गडी चांगलाच कळवळला, तीन वेळा जावं लागलं. शुगर असेल तर पायाला यातलं काहीच घरी लावू नका, आणि चेहऱ्यावर तर कुणीच नाही. हो, चामखिळीभोवती व्हॅसलीन लावायचं राहिलंच सांगायचं, चांगली कातडी वाचते.

माझी सातव्या आठवड्यात गेली. बोटावरच्या रेषा परत जुळल्या की गेली समजायचं. फॉलोअपला बोलावलं होतं, मी काही गेले नाही. परत चोवीस नंबर कोण घेणार.