तर्जनीएवढ्या मावळ्याची घोंगडी

साताऱ्यात दिवाळी आली की दारोदारी किल्ले उभे राहतात. आमच्या किल्ल्यावरच्या मातीच्या मावळ्यांना मी लहानपणी दरवर्षी नव्याने ऑइलपेंट लावायचो. रंग वाळला की सगळे सारखेच चकाकायचे. पागोटं असो, अंगरखा असो, कापड म्हणून काही वेगळं दिसायचं नाही. ती रुखरुख कुठेतरी राहिली असावी, कारण गेल्या वर्षी रेझिनचा, म्हणजे साच्यात ओतलेल्या प्लास्टिकसारख्या राळेचा, ७५ मिलिमीटरचा बिनरंगी मावळा हाती आला तेव्हा पहिला विचार कपड्यांचाच आला. अंगात जाडीभरडी सुती बाराबंदी, कमरेला रेशमी शेला, खांद्यावर घोंगडी. शेला रेशमी, म्हणजे गडावरचा कुणी नाईक-हवालदार असावा. तर्जनीएवढ्या माणसाच्या अंगावर तीन जातीची कापडं, आणि तिन्ही वेगळी ओळखू आली पाहिजेत. याला सहा महिने लागले.

तयारीचं फार सांगत नाही. साबणाच्या कोमट पाण्यात धुतला, सांधे घासून घेतले, आधी काळा प्रायमर, म्हणजे वरचा रंग धरावा म्हणून द्यायचा पहिला थर, आणि तो वाळल्यावर फक्त वरच्या बाजूने पांढरा. ऊन वरून पडलं तर कुठे उजळेल आणि कुठे सावली राहील, ते रंग लावण्याआधीच समोर दिसतं.

सुरुवात बाराबंदीपासून केली आणि तिथेच फसलो. जाडाभरडा कपडा म्हणजे विणीचे धागे दिसायला हवेत, असं डोक्यात पक्कं होतं. बारीक ब्रश घेऊन आडव्या-उभ्या रेघांची जाळी सगळ्या अंगभर काढली. चार संध्याकाळी गेल्या. लांबून पाहिलं तर मावळ्याने मच्छरदाणी नेसल्यासारखं वाटत होतं.

मग कागदावर हिशोब मांडला. ७५ मिलिमीटरचा माणूस म्हणजे साधारण खऱ्याच्या चोविसावा भाग. मी काढलेली अर्ध्या मिलिमीटरची रेघ खऱ्या मापात १२ मिलिमीटरची होते. एवढ्या जाडीचा तर दोर असतो! खरा धागा या मापात आणायचा म्हटलं तर तो डोळ्याला दिसणारच नाही. म्हणजे धागा रंगवायचाच नव्हता. त्या कापडावर उजेड कसा बसतो, ते रंगवायचं होतं.

आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन सगळं उतरवलं. या वेळी बाराबंदीचा पाया पांढरा न ठेवता कळकट राखाडी ठेवला आणि थराथराने उजळत नेला. निव्वळ पांढरा फक्त चुण्यांच्या माथ्यावर आणि खांद्यावर. रेघा काढल्या, पण उजेड आणि सावली जिथे भेटतात तेवढ्याच पट्ट्यात, त्याही तुटक. सावलीत एकही नाही, कारण अंधारात वीण कुणाला दिसते? शेवटी रंगात भरपूर पाणी घालून एक पातळ थर वरून फिरवला, तशा रेघा आत बुडाल्या. आता ती सुती वाटायला लागली. बंदांच्या गाठी मात्र धारदारच ठेवल्या. बारा बंद असतात म्हणून तिला बाराबंदी म्हणायचं, तर ते दिसायलाच हवेत.

रेशमाची रीत अगदी उलटी. रेशमाचा धागा गुळगुळीत, त्याचा छेद जवळजवळ त्रिकोणी, त्यामुळे उजेड एका जागी लख्ख परततो. शेल्याच्या गर्द मरून रंगात उजळ रेघ अरुंद ठेवली, जवळजवळ गुलाबी, आणि तिला अगदी खेटून काळपट सावली. मधले थर दोनच. जरीच्या काठाला सोनेरी रंग वापरला नाही. आधी पिवळ्या मातीसारखा रंग, त्यावर पिवळा, त्यावर पांढरटाचे मोजके ठिपके. सोनेरी रंगाचा चुरा एवढ्या लहान मापात खडबडीत दिसतो.

घोंगडीसाठी मात्र खरी घोंगडी मांडीवर घेऊन बसलो. आजी माण तालुक्यातली, तिच्या लग्नातली घोंगडी अजून आमच्याकडे आहे. खिडकीपाशी धरून बघत राहिलो. ती चमकतच नाही. लोकरीचे तंतू इकडेतिकडे उभे असतात, उजेड त्यांच्यात विखरून जातो. घड्याही चारच पडतात, मोठ्या आणि गोल, धार म्हणून कुठे नाही. काळी म्हणतो आपण, पण तिच्यात राखाडी आणि तपकिरी केस मिसळलेले असतात. म्हणून काळा रंग बाजूला ठेवला. गडद तपकिरीत निळ्याचा थेंब टाकून पाया दिला, केस विस्कटलेल्या जुन्या ब्रशने कोरडे टिपके टोचत गेलो, आधी राखाडी, मग फिकट तपकिरी. घडीच्या माथ्यावर दाट, उतारावर विरळ. किनारीला मोकळे सुटलेले दोन-चार केस काढले. हे करताना हात थरथरला तरी चालतो, लोकर सरळ नसतेच.

शेवटचं मॅट वॉर्निश, म्हणजे रंग जपणारा बिनचमकीचा थर, राहिलं होतं. आदल्या वर्षी एका पुतळ्यावर ते ऐन जुलैत फवारलं होतं. साताऱ्याचा पाऊस, हवेत दमटपणा, अन् सगळ्या अंगावर पांढरी धुरी बसली. म्हणून या वेळी ऑक्टोबरच्या उन्हापर्यंत थांबायचं ठरवलं आणि मावळा काचेखाली ठेवून दिला.

थांबलो म्हणून बरं झालं. गणपतीत आजी आली. भिंग डोळ्याला लावून तिने बराच वेळ पाहिलं. बाराबंदीवर हात ठेवल्यासारखं बोट हवेत फिरवलं आणि म्हणाली, "बाळा, घोंगडी चांगली झालीय, पण ही नवी दिसती. रोज वापरातली खांद्यावर अशी काळी ऱ्हात न्हाई. उन्हानं तांबूस पडती."

मी तिची घोंगडी पुन्हा उघडली. वरची बाजू खरंच विटकरीकडे झुकलेली होती. इतक्या वेळा पाहूनही माझ्या डोळ्यांतून सुटली होती. त्याच रात्री विटकरी तपकिरी रंग पाण्यासारखा पातळ करून मावळ्याच्या खांद्यावर दोन थर चढवले, पाठीकडे ओसरत जाणारे.