थर्ड शिफ्ट

नवऱ्याची कंपनी नाशिकच्या अंबडला. एक आठवडा फर्स्ट, एक आठवडा सेकंड, एक आठवडा थर्ड. लग्नानंतरची दोन वर्षं मला थर्डचा फार राग यायचा. रात्री घरात एकटीनं झोपायचं आणि दिवसा तो झोपलेला असताना कुकरची शिट्टीसुद्धा होऊ द्यायची नाही. मग मुलगी झाली आणि मीही थर्डला लागले. फरक एवढाच, की त्याची शिफ्ट दर सोमवारी बदलते.

म्हणून लहान बाळांच्या आयांच्या त्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव मला बघताक्षणी पटलं. ‘थर्ड शिफ्ट’. आधी म्हणे मराठीच्या अभिमानापोटी ‘तिसरी पाळी’ ठेवलं होतं. कुसुमाग्रजांच्या गावात असला अभिमान अधूनमधून उफाळतोच. पण ग्रुपात चार बाबा आहेत, त्यांतल्या एकाच्या फोनवर ऐन मीटिंगमध्ये ‘तिसरी पाळी : २३ नवीन मेसेज’ असं झळकलं आणि शेजारच्या साहेबांनी ते वाचलं. त्या दिवसापासून थर्ड शिफ्ट.

मी त्यात पडले ती लसीच्या रांगेत. मुलीचा दीड महिन्याचा डोस होता. दोन्ही मांड्यांत, दंडात टोचून आणि तोंडात थेंब घालून झाले, ती किंचाळत होती, मीही जवळजवळ किंचाळायच्या बेतात होते. पुढे बसलेल्या बाईनं आपलं पोर एका हातातून दुसऱ्या हातात घेत विचारलं, “नंबर सांगा. ग्रुपला ॲड करते. आज रात्री लागेल.”

रात्री लागलाच. दोन वाजून दहा मिनिटं, नवरा कंपनीत, आई जळगावला, सासूबाई सिन्नरला, आणि मांडीवर तापलेलं बाळ. मी लिहिलं, ‘कुणी जागं आहे का?’ मिनिटभरात सात जणी. पहिलाच प्रश्न आला, ‘मारुती कुठवर?’

मला वाटलं, ही कुठल्या देवाला नवस बोलायला सांगतेय.

मी जळगावची. नाशिकची माणसं गोदावरीचा पूर दुतोंड्या मारुतीवर मोजतात हे मला ऐकून माहीत होतं. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला आलं, छातीला आलं. धरणातून किती क्युसेक सोडलं ते पेपरात येतं, पण गावाला खरं कळतं ते मारुतीकडे बघून. आमच्या सासूबाईंच्या माहेरचे लोक अजून १९६९ चा महापूर काल आल्यासारखा सांगतात. या बायांनी तेच माप थर्मामीटरला लावलं होतं. शंभर म्हणजे गुडघे, एकशे एक कंबर, एकशे दोन छाती. त्याच्या वर गेला तर ग्रुपवर लिहीत बसायचं नाही, डॉक्टरांना उठवायचं. मी कळवलं, ‘गुडघ्याच्या जरा वर.’ उत्तर आलं, लसीचा असेल, डॉक्टरांनी वजन बघून जेवढं औषध लिहून दिलंय तेवढंच दे, एक थेंब जास्त नाही, अंगावरचं दुपटं काढ, आणि सकाळपर्यंत उतरला नाही किंवा दूध ओढेनाशी झाली तर दाखव. शिवाय एकीनं बजावलं, की तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला लसीशिवाय ताप आला तर मारुती-बिरुती काही बघायचं नाही, गुडघ्याला असतानाच रिक्षात बसायचं.

पावणेचारला ताप उतरला. मी लिहिलं, ‘पाणी ओसरलं.’ पाच जणींनी हात जोडले. मी अजून त्यांच्यापैकी एकीचाही चेहरा पाहिलेला नव्हता.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपात आता १०२४ माणसं मावतात. आमच्यात ६१ आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना नाव नाही. फोनमध्ये सगळ्या ‘आरवची आई गंगापूर रोड’, ‘स्वरा मम्मी सिडको’, ‘जुळे मखमलाबाद’ अशा सेव्ह केलेल्या. मखमलाबादच्या त्या बाईला दोन वर्षं सगळे ‘जुळे’ म्हणतात. ‘जुळे, तुझ्याकडे नेब्युलायझर आहे ना?’ तीही ‘हो’ म्हणते. पेशानं ती वकील आहे हे मला मागच्या दिवाळीत कळलं. तिच्या मुलाचं पहिलं जुलाबाचं दुखणं कोणत्या वारी सुरू झालं, हे मात्र मी झोपेतून उठून सांगेन.

त्या दुखण्याचंच सांगते, कारण त्या रात्री मी एक गोष्ट शिकले जी मला पंधरा वर्षं येते असं वाटत होतं. जुळेनं लिहिलं, ‘ओआरएस देतेय, वाटीत चमचाभर पावडर टाकून.’ मीही तसंच केलं असतं. तेवढ्यात सातपूरच्या एका आईचा, ती नर्स आहे, सरळ फोनच गेला तिला. ते मोठं पाकीट अख्खं एका लिटर पाण्यात कालवायचं, बाटली मोजून घ्यायची, अंदाजपंचे नाही; पाणी कमी पडलं तर मीठ जास्त होतं आणि ते बाळाला सोसत नाही. चमच्या-चमच्यानं पाजायचं, उरलं तर चोवीस तासांनी ओतून टाकायचं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत चमचा. रात्रभर दर तासाला कुणीतरी जुळेला विचारत होतं, ‘शू झाली का?’ एरवी कुठल्या सभ्य मंडळात हा प्रश्न पहाटे चारला विचारतात? झाली तेव्हा बाराजणींनी टाळ्या पाठवल्या.

सासूबाईंच्या गुटीचा खटलाही इथेच सुटला. त्या सिन्नरहून येताना पिशवीत सहाण घेऊनच आल्या. वेखंड, हळकुंड, बदाम, खारीक, आणि वर मधाचं बोट. डॉक्टरांनी सांगितलेलं, सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही; आणि मध तर वर्षाच्या आत अजिबातच नको. हे सासूबाईंना सांगायचं कोणी? नवरा म्हणाला, “तू बघ.” ग्रुपवर टाकलं तर उपदेशाचा पाऊस पडला, त्यात फक्त सिडकोच्या स्वराच्या आईचा सल्ला कामाचा निघाला. ‘उगाळू दे की. त्यांनी चार मुलं वाढवलीत, हात रिकामे ठेवू नकोस त्यांचे. चाटवायच्या वेळी वाटी आणि बाळ घेऊन आत जा, दार लाव.’ पुढचे पंधरा दिवस ती गुटी मी चाटली. माझं पचन इतकं चांगलं आधी कधीच नव्हतं. सोळाव्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, “तुला आवडते वाटतं. उद्यापासून जरा जास्त उगाळते.” त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

आणि ती पिशवी. कुठल्याशा साडीच्या दुकानाची, गुलाबी, बंद तुटून शिवलेली. बाळाला पहिले कपडे जुने, दुसऱ्या पोराच्या अंगावर मऊ झालेले घालावेत, ही आपल्याकडची रीत. पण आजूबाजूला चुलत-मावसभावंडं नसली तर जुने कपडे आणायचे कुठून? तर ग्रुपमध्ये हा बाळंतविडा फिरतो. चार टोपरी, झबली, लंगोट आणि कुणाच्या तरी आजीच्या लुगड्याचं एक दुपटं, इतकं विरलेलं की त्यातून पलीकडचं दिसतं. माझ्याकडे ती पिशवी एबीबी सर्कलपाशी सिग्नलला आली. रिक्षातून हात बाहेर, स्कूटरवरून माझा हात, सिग्नल सुटला, ती गंगापूर रोडकडे, मी उलटीकडे. चेहऱ्याला स्कार्फ होता. घरी येऊन बघितलं तर तळाशी चिठ्ठी, ‘निळ्या झबल्याचं वरचं बटण ढिलं आहे, तोंडात जाईल. शिवून घे.’ मी शिवलं. पुढे पिशवी नाशिकरोडला दिली तेव्हा चिठ्ठी तशीच ठेवली आणि खाली लिहिलं, ‘शिवलं. तरी ओढून बघ.’ परवा कुणीतरी तिचा फोटो टाकला, आता तिच्यावर सात अक्षरं आहेत. म्हणजे सात वळणांची. शेवटची ओळ, ‘बटणच काढून टाकलं. नाडी लावली.’

एवढं सगळं गोड वाटत असेल तर सांगते, की नव्वद टक्के वेळा हा ग्रुप म्हणजे डोक्याला ताप आहे. सकाळी सूर्योदयाचे फोटो. घरच्या नाचणी सत्त्वाची जाहिरात, पाव किलोचा भाव ऐकून नाचणीलाच चक्कर यावी असा. ‘आमचा तर नवव्या महिन्यात चालला’ असं लिहिणारी एक आहे, तिचं पोर नवव्या महिन्यात सगळंच करत होतं. मी दोनदा बाहेर पडले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी कुणाला तरी ‘परत घे गं’ म्हटलं.

आणि एकदा आम्ही सगळ्यांनी मिळून मोठी चूक केली. देवळालीच्या एका आईनं लिहिलं, ‘मुलगा दोन वर्षांचा झाला, दोन शब्द जोडून बोलत नाही. हाक मारली तरी कधी बघतो, कधी नाही.’ झालं. प्रत्येकीच्या घरात एक उशिरा बोललेला मामा निघाला. कुणाचा मामा पाचव्या वर्षी बोलला आणि आता थांबत नाही. कुणाचे काका. माझ्याकडे मामा नव्हता, म्हणून मी नवऱ्याचा आतेभाऊ वापरला. तीस मेसेजांत मिळून एकच वाक्य होतं, ‘बोलेल गं.’ दुसऱ्या दिवशी ती ग्रुप सोडून गेली. मला वाटलं, एवढं समजावलं तरी रुसली.

नंतर कळलं, की सातपूरच्या नर्सनं तिला स्वतंत्र लिहिलं होतं, ‘मामांचं सोड. कान तपास.’ त्या तपासणीत डोक्याला वायरी लावतात आणि मूल गाढ झोपलेलं लागतं, म्हणून आदल्या रात्री त्याला जागं ठेवायचं असतं. दोन वर्षांच्या पोराला रात्रभर जागं ठेवणं म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्यालाच माहीत. नर्स पहाटे चारपर्यंत व्हिडिओ कॉलवर होती. भोपळ्याची म्हातारी, माकडाचे आवाज, ताटली वाजवणं, सगळं करून झालं. दोन्ही कानांना कमी ऐकू येत होतं त्याला. मशीन बसलं, बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे आठवड्यातून दोनदा जाणं सुरू झालं. आठ महिन्यांनी देवळालीची आई आपणहून परत आली. आता ग्रुपात कुणी मामा काढला, की ती फक्त एक कानाचं चित्र टाकते. आम्ही मामा आवरतो. त्या तीस मेसेजांतला माझा एक अजून माझ्या फोनमध्ये आहे. पुसायला हात जात नाही.

आता विरजणाचं. माझी मुलगी अडीच वर्षांची झाली होती. रात्री झोपायला लागली होती, पण वरच्या मजल्यावर कुणीतरी भाडेकरू आले होते आणि त्यांचं पोर रोज दीडच्या सुमाराला टाहो फोडायचं. आमच्या बिल्डिंगमध्ये कोणी कोणाकडे जात नाही. दाराच्या कडीला दुधाची पिशवी लटकते, त्यावरून आत माणसं आहेत हे समजायचं. एका रात्री वैतागून मी ग्रुपवर लिहिलं, ‘वरचे लोक पोराला गप्पच करत नाहीत. माझी जेमतेम झोपलेली उठली.’ एका नव्या आईनं, ‘कबीर मम्मी’ एवढंच सेव्ह होतं, समजूत घातली, ‘सहन करा ताई. त्यांचाही नाइलाज असेल.’ मला बरं वाटलं. मी हार्ट टाकला.

आठवड्यानं, जानेवारीत, थंडी अशी की निफाडचे आकडे बघून इथेच दात वाजावेत, कबीरच्या आईनं रात्री साडेनऊला विचारलं, ‘पाथर्डी फाट्याला कुणाकडे विरजण मिळेल का? दूध कोमट करून बसलेय आणि दही संपलंय.’ मी लिहिलं, ‘माझ्याकडे आहे. कुठे राहतेस, लोकेशन टाक.’ तिनं टाकलं. नकाशावरचा ठिपका येऊन माझ्याच बिल्डिंगवर बसला. मी मोठं करून बघितलं. परत बघितलं. मग लिहिलं, ‘कितवा मजला?’

तिकडेही बराच वेळ ‘टायपिंग’ दिसत राहिलं.

मी वाटीत विरजण घेतलं, वर ताटली झाकली, गाऊनवर स्वेटर चढवला आणि एक जिना चढले. दारात ती उभी होती, कडेवर कबीर, नाक वाहतंय, मला बघून लगेच हसला. ती म्हणाली, “ताई, मी खरंच त्याला गप्प करायचा प्रयत्न करते हो.” मी काही बोलू शकले नाही. वाटी पुढे केली. दुसऱ्या दिवशी वाटी आली त्यात तिच्या माहेरचा, नांदेडचा, शेंगदाण्याचा ठेचा होता, आणि तिचं नाव मंजुषा आहे हे मी तेव्हा विचारलं.

काल रात्री पावणेदोनला पुन्हा छतातून आवाज आला. नवरा थर्डला. मी फोन उचलला आणि ग्रुपवर नाही, तिला एकटीला लिहिलं, ‘मारुती?’

‘कोरडा आहे. दाढ येतेय. झोप तू.’