पोर्ट लुईचे सर्वोच्च न्यायालय

मॉरिशसला येणारे बहुतेक मराठी पर्यटक समुद्रकिनारे, गंगा तलाव आणि शामारेलची सप्तरंगी माती पाहून परततात; पोर्ट लुई ही राजधानी त्यांच्या वाट्याला येते ती बाजारपेठेपुरती. मला मात्र या शहरातले सर्वोच्च न्यायालय पाहायचे होते. कायद्याची आवड हे एक कारण होतेच, पण त्याहून मोठे कारण असे की आपली मराठी ज्या भाषांमध्ये मोडते, त्या भाषांच्या शाळेतील स्थानावरून या न्यायालयात एक असा खटला चालला, ज्याच्या निकालानंतर त्याच वर्षी देशाचे सरकारही गेले.

न्यायालयाची सध्याची इमारत एडिथ कॅवेल मार्गावर आहे. दहाहून अधिक मजल्यांची ही वास्तू भारताच्या आर्थिक साहाय्यातून उभी राहिली आणि ३० जुलै २०२० रोजी दोन्ही देशांच्या पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीद्वारे तिचे उद्घाटन केले. संस्था अर्थातच फार जुनी आहे. फ्रेंच अमदानीत १८०८ साली स्थापन झालेल्या अपील न्यायालयाची जागा ब्रिटिशांच्या काळात, १८५० मध्ये, या न्यायालयाने घेतली. सुरक्षा तपासणी झाली की सामान्य माणसाला खुल्या सुनावणीला बसता येते, आणि मागच्या बाकावर शांतपणे बसणाऱ्याला कोणी हटकत नाही.

मी बसलो त्या दालनात रस्ते अपघाताच्या नुकसानभरपाईचा दावा सुरू होता. पिंजऱ्यातला वयस्कर साक्षीदार क्रिओलमध्ये, म्हणजे येथील लोकांच्या रोजच्या बोलीत, बोलत होता. ट्रक कोणत्या बाजूने आला हे सांगताना तो कठड्यावर तळहात सरकवून दाखवत होता, आणि दुभाषी त्याचे म्हणणे वाक्यावाक्याने इंग्रजीत सांगत होता. युक्तिवादाची वेळ आली तेव्हा वकिलांनी नागरी संहितेचे कलम १३८२ फ्रेंचमध्ये वाचले आणि पुढचा सगळा युक्तिवाद इंग्रजीत केला. न्यायालयाची अधिकृत भाषा इंग्रजी असली तरी, ज्याच्या चुकीने दुसऱ्याचे नुकसान झाले त्याने ते भरून द्यावे असे सांगणारे हे कलम नेपोलियनच्या संहितेतून आलेले आहे. १८१० मध्ये ब्रिटिशांनी बेट जिंकले, पण शरणागतीच्या अटींनुसार रहिवाशांचे कायदे आणि रीतिरिवाज कायम ठेवले गेले. त्यामुळे करार, मालमत्ता, वारसा यांचा कायदा आजही मुख्यतः फ्रेंच वळणाचा आहे, तर पुरावा आणि कामकाजाची पद्धत इंग्रजी आहे. येथील न्यायाधीशाला पॅरिसच्या न्यायालयाचे निर्णयही वाचावे लागतात आणि लंडनचेही, आणि हे किती कष्टाचे काम आहे याची कल्पना त्या एका सकाळी आली.

आता त्या खटल्याविषयी. मॉरिशसमध्ये प्राथमिक शाळेच्या शेवटी होणाऱ्या परीक्षेतील गुणानुक्रमावर चांगल्या माध्यमिक शाळेतील प्रवेश अवलंबून असे. या क्रमवारीत हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठी यांसारख्या पौर्वात्य भाषांचे गुण धरले जात नसत. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून निघालेल्या कोकणातल्या गिरमिटिया (करारबद्ध) मजुरांच्या वंशजांना, आणि इतर भारतीय भाषा जपणाऱ्या समाजांना, हे खुपत होते. १९९५ मध्ये सरकारने हे गुण धरण्याचा निर्णय घेतला. ज्या मुलांनी अशी कोणतीही भाषा घेतलेली नव्हती, त्यांच्या बाजूने न्यायालयात दाद मागण्यात आली. नियम बदलताना पुरेशी पूर्वसूचना मिळाली नाही आणि मुलांना असमान वागणूक मिळाली, असे त्यांचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य करून निर्णय घटनाबाह्य ठरवला. पंतप्रधान अनिरुद्ध जगन्नाथ यांनी घटनादुरुस्तीचा प्रयत्न केला. आवश्यक तीन चतुर्थांश बहुमत मिळाले नाही, संसद विसर्जित झाली आणि डिसेंबर १९९५ च्या निवडणुकीत मुख्य बेटावरच्या सर्व ६० जागा विरोधी आघाडीने जिंकल्या.

त्या काळात प्राथमिक शाळेत मराठी शिकवणारे एक निवृत्त गुरुजी मला भेटले. निकालाने आपल्याला फार दुःख झाले होते, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. आणि तरीही, ज्या मुलांना वर्ष सुरू झाल्यावर नवा नियम कळला त्यांचे म्हणणे खोटे नव्हते, हेही त्यांनी तितक्याच मोकळेपणाने सांगितले. मला स्वतःला आपल्या भाषेला मान मिळावा असेच वाटते, पण सर्वोच्च न्यायालयाने त्या मुलांचे गाऱ्हाणे गांभीर्याने ऐकले हे मी योग्यच मानतो.

खटला मात्र तिथे संपला नाही. मॉरिशसच्या राज्यघटनेच्या कलम ८१ नुसार येथील अंतिम अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलच्या, म्हणजे ब्रिटिश राजाच्या सल्लागार मंडळाच्या, न्यायिक समितीकडे जाते. घटनेच्या अर्थाचा प्रश्न असला तर अपिलाचा हक्कच आहे. दिवाणी दाव्यांत अशा अपिलासाठी घटनेत घातलेली किमान मूल्यमर्यादा अवघी १०,००० मॉरिशियन रुपये आहे. १९९८ मध्ये या समितीचे न्यायाधीश लॉर्ड हॉफमन यांनी लिहिलेल्या निकालाने येथील निर्णय फिरवला. समानतेचे असे सर्वसाधारण तत्त्व घटनेत नाही की ज्याच्या आधारे न्यायालयाने प्रत्येक शैक्षणिक धोरण तपासावे, असे समितीचे मत पडले.

१९६८ मध्ये स्वतंत्र आणि १९९२ मध्ये प्रजासत्ताक झालेल्या देशाने शेवटचा शब्द अजून लंडनकडे का ठेवावा, हा प्रश्न भारतीय माणसाला पडतोच; आपण १९४९ मध्येच ती वाट बंद केली. येथे चार दिवस राहिल्यावर त्याचे उत्तर थोडेफार समजते. सुमारे साडेबारा लाखांच्या या देशात वकील, न्यायाधीश, मंत्री आणि पक्षकार एकमेकांच्या ओळखीतले, कधी नात्यातलेही असतात, आणि अशा समाजात दूरच्या, अपरिचित पंचाचा लोकांना आधार वाटतो. २००८ मध्ये ही समिती प्रथमच सुनावणीसाठी पोर्ट लुईला आली आणि २०१० मध्ये पुन्हा आली, त्याचेही स्वागतच झाले.

तरी हे न्यायालय स्वतःच्या पायांवर उभे नाही असे कोणी समजू नये. १८३८ च्या फौजदारी संहितेतील, गुदमैथुनाला गुन्हा ठरवणारे कलम २५० हे प्रौढ पुरुषांमधील संमतीच्या खासगी संबंधांना लागू करणे घटनाबाह्य आहे, असा निर्णय ४ ऑक्टोबर २०२३ रोजी येथेच झाला. त्या वेळी सरन्यायाधीशपदी रेहाना मुंगली-गुलबुल होत्या; या देशाच्या त्या पहिल्या महिला सरन्यायाधीश.

पोर्ट लुईला गेलात तर भारतीय गिरमिटिया मजूर जिथे उतरत तो आप्रवासी घाट बघालच. तिथून चालत जाण्याजोग्या अंतरावर हे न्यायालय आहे, त्यामुळे कामकाजाच्या दिवशी सकाळी लवकर निघावे, ओळखपत्र जवळ ठेवावे आणि एखादी सुनावणी मध्येच न उठता, पूर्ण ऐकावी.