गरम नगाचे माप

आज रबाळे एमआयडीसीतील आमच्या कारखान्यात ग्राइंडिंगवरून नुकत्याच उतरलेल्या पोलादी शाफ्टचा व्यास मायक्रोमीटरवर ८०.००८ मिलिमीटर भरला. ड्रॉइंगवरील मर्यादा ७९.९८१ ते ८०.००० असल्याने ऑपरेटरदादांनी तो पुन्हा मशीनवर चढवायला घेतलाच होता. मी त्यांना थांबवले. ड्रॉइंगवरील मापे २० अंश सेल्सिअसला ग्राह्य धरण्याचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे आणि हा नग ३५ अंशांवर होता. पोलाद एका अंशाला मीटरमागे साधारण ११.५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) प्रसरण पावते, म्हणजे ८० मिलिमीटरमध्ये १५ अंशांचा फरक जवळपास १४ मायक्रॉन होतो. वातानुकूलित तपासणी कक्षात पुरता थंड झाल्यावर त्याच शाफ्टचे माप ७९.९९४ आले.

दादा हसले, परंतु मला निराळीच काळजी लागली. गरम असताना ७९.९९० दाखवून निर्धास्तपणे पुढे गेलेला नग थंड झाल्यावर मर्यादेच्या खाली उतरतो, आणि घासून गेलेला धातू काही परत बसवता येत नाही. (क्वालिटीवाले केवळ शिक्के मारतात, असे अजूनही पुष्कळांना वाटते!) त्यामुळे सकाळच्या पाळीतील सर्व नग परत मागवून मोजले. तीन बाद झाले. घरी ऐरोलीला पोहोचायला साडेनऊ वाजले.