फिलाडेल्फिया : हात कोणी ठेवायचा?

फिलाडेल्फियात चर्चमधल्या बायकांचा इतिहास पाहायचा, तर गाडी भाड्याने घेऊ नका. ब्रॉड स्ट्रीटखालून उत्तर-दक्षिण धावणारी एक मेट्रो पुरते. मात्र लोकलच पकडा. पुढे सांगतोय त्या पहिल्या आणि शेवटच्या स्टेशनांवर एक्सप्रेस थांबत नाही.

पहिलं स्टेशन ससक्वेहॅना-डॉफिन. वर आलात की एक चौक दक्षिणेला डायमंड स्ट्रीट, मग चार चौक पश्चिमेला. अठराव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर चर्च ऑफ द अ‍ॅडव्होकेट. फ्रेंच गॉथिक, १८९७ सालचं, बाहेरून भिंतींना टेकू देणाऱ्या दगडी कमानी. आत गेलात की मात्र नजर भित्तिचित्रांवर जाते : बायबलमधली वचनं आणि कृष्णवर्णीयांचा इतिहास शेजारी शेजारी. ती १९७३ ते १९७६ या काळात रंगवली गेली. म्हणजे २९ जुलै १९७४ रोजी इथे अकरा बायकांना प्रीस्टपदाची दीक्षा (बिशपने डोक्यावर हात ठेवून दिलेलं धर्मगुरूचं पद) मिळाली, तेव्हा काम अर्धवटच होतं.

हे चर्च एपिस्कोपल, म्हणजे अँग्लिकन पंथाच्या अमेरिकेतल्या शाखेचं. तिथे पायऱ्या तीन : डीकन (सहायक), प्रीस्ट (धर्मगुरू), बिशप (धर्मप्रांताचा प्रमुख). १९७० पासून बायका डीकन होऊ लागल्या, पण वरची पायरी बंद. का बंद, हे कळायला धर्मशास्त्रापेक्षा मतमोजणी जास्त उपयोगी पडते. नियम बदलणाऱ्या राष्ट्रीय अधिवेशनाला प्रत्येक धर्मप्रांतातून चार दीक्षित आणि चार सामान्य सभासद येतात आणि दोन्ही गट वेगळं मत देतात. गटात दोन विरुद्ध दोन झाले, की ते मत 'विभागलेलं' आणि प्रत्यक्षात ते 'नाही' म्हणूनच मोजलं जातं. १९७३ साली बायकांना प्रीस्ट करण्याचा ठराव पडला तो या गणितामुळे. निम्मे लोक बाजूने असूनही त्या प्रांताचं मत विरोधात जमा!

मग ज्यांना गमावण्यासारखं पद उरलं नव्हतं असे तीन बिशप पुढे आले : कॉरिगन, डेविट आणि वेल्स. निवृत्त किंवा राजीनामा दिलेले. अकरा डीकनांपैकी एक वेल्स यांची मुलगी होती, तर दुसऱ्या, जेनेट पिकार्ड, एकोणऐंशी वर्षांच्या. त्यांनी १९३४ साली फुग्यातून स्ट्रॅटोस्फिअर गाठलेलं. विधीत 'कोणाला हरकत आहे का' असा प्रश्न असतो. तो इथे नुसता उपचार राहिला नाही. काही धर्मगुरूंनी पुढे येऊन आक्षेप वाचून दाखवले. ते ऐकून घेतले आणि तिघांनी डोक्यावर हात ठेवले. प्रांताच्या बिशपची परवानगी नव्हती, म्हणून काही आठवड्यांतच बिशपांच्या सभेने ही दीक्षा अवैध ठरवली. १९७६ च्या अधिवेशनात वाट मोकळी झाली. १९७४ च्या त्या दीक्षेच्या दिवशी मिरवणुकीत क्रूस घेऊन पुढे चालली बार्बरा हॅरिस, याच शहरातली. १९८९ साली बोस्टनमध्ये ती जगभरच्या अँग्लिकन पंथातली पहिली स्त्री बिशप झाली.

परतीच्या मेट्रोने रेस-वाइनला उतरा. चार चौक पश्चिमेला कॅथलिक कॅथेड्रल, आत संत कॅथरीन ड्रेक्सेल यांची कबर. इथे बायकांना दीक्षा नाहीच. ड्रेक्सेल यांनी वारशाचा पैसा ओतून १८९१ साली नन्सचा स्वतःचा संघ काढला, शाळा उघडल्या. वेदी नाही, पण तिजोरी आणि संघ हातात.

मराठी माणसाला या शहरात पंडिता रमाबाई आठवणारच. मार्च १८८६ मध्ये त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी इथे आल्या. त्याआधी इंग्लंडमध्ये त्यांनी पुरुषांना शिकवावं की नाही, यावर बिशपांनी हरकत घेतली होती.

शेवटचं स्टेशन लोंबार्ड-साउथ. तिथून पूर्वेला आठ चौक, सहाव्या रस्त्यावर मदर बेथेल, म्हणजे आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल या कृष्णवर्णीयांच्या पंथाचं मूळ चर्च. आजची इमारत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची, जागा मात्र पंथाचे संस्थापक रिचर्ड अ‍ॅलन यांनी १७९१ मध्ये घेतलेली. संग्रहालय तळघरात आहे, तिथेच अ‍ॅलन आणि त्यांच्या पत्नी सारा यांची कबर. जाण्याआधी फोन करा.

इथली गोष्ट जरीना ली यांची. त्यांनी उपदेशाची परवानगी मागितली, तेव्हा अ‍ॅलन म्हणाले, प्रार्थनासभा घ्या, बोध करा, पण उपदेश नको. फरक बारीक आहे. बोध करणारा स्वतःचं वचन निवडत नाही, उपदेशकाच्या मागून बोलतो. पुढे एका उपासनेत उपदेशक बायबलमधल्या योना संदेष्ट्याच्या वचनावर बोलता बोलता अडखळला. ली उठल्या आणि तेच वचन घेऊन बोलू लागल्या, म्हणजे रेघ ओलांडलीच. अ‍ॅलन यांनी उभं राहून सांगितलं, आठ वर्षांपूर्वी या बाईंनी माझ्याकडे परवानगी मागितली होती, त्यांना उपदेशासाठी देवाचं पाचारण आहे असं मी मानतो. परवानगी मिळाली, दीक्षा कधीच नाही. पुढे एका वर्षी त्यांनी २,३२५ मैल प्रवास केला, १७८ उपदेश दिले.

या पंथात चर्चचा पाळक (प्रमुख धर्मगुरू) तिथले सभासद निवडत नाहीत, बिशप नेमतो. २००० साली व्हॅश्टी मॅकेन्झी पंथातली पहिली स्त्री बिशप झाली. मदर बेथेलवर पहिली स्त्री पाळक, कॅरोलिन कॅव्हनेस, नेमली गेली ती २०२४ मध्ये. रविवारी उपासनेला गेलात तर त्याच जागेवर आता बाईचा उपदेश ऐकायला मिळेल. थोडं लवकर जा.