लेमिंगचं घरटं, बिघडलेला बर्फ आणि आपल्या खाडीवरची पिल्लं

ईशान्य ग्रीनलँडमध्ये उन्हाळ्यात बर्फ वितळला की टुंड्रावर जागोजागी वाळक्या गवताचे गोळे उघडे पडतात, दोन्ही हातांच्या ओंजळीत मावतील एवढे. ही लेमिंगची हिवाळी घरटी. लेमिंग म्हणजे उंदराच्या नात्यातला, आखूड शेपटीचा, गुबगुबीत मूठभर प्राणी (ते कड्यावरून उड्या मारून सामूहिक आत्महत्या करतात वगैरे जे ऐकलंय ते पूर्ण खोटं आहे, डोक्यातून काढून टाका). तर संशोधक दर उन्हाळ्यात ठरलेला सगळा परिसर पायी पालथा घालतात, एकेक घरटं मोजतात आणि उचलून आत बघतात. आत नुसतं गवत असेल तर लेमिंग तिथे राहून गेला एवढंच. पण आत मऊ केसांचं अस्तर सापडलं तर ते केस लेमिंगचेच असतात, म्हणजे स्टोट (मुंगसासारखा दिसणारा लांबट, चपळ छोटा शिकारी प्राणी) आत शिरला, राहणाऱ्याला खाल्लं आणि त्याच्याच केसांचं अंथरूण करून स्वतः तिथे मुक्काम ठोकला. अख्ख्या हिवाळ्यात बर्फाखाली काय घडलं ते त्या एका गवताच्या गोळ्यावरून कळतं, मला हे वाचल्यापासून त्याचं अतोनात कौतुक वाटतंय.

हे काम मुख्यतः दोन ठिकाणी चालतं. एक ट्रेल बेटावरची कारुपेल्व्ह दरी, तिथे 1988 पासून मोजणी आहे, आणि दुसरं त्याच्या उत्तरेला झाकेनबर्ग, तिथे 1990 च्या दशकाच्या मध्यापासून. लेमिंगची संख्या साधारण चार वर्षांच्या चक्रात वरखाली होते हे आधीपासून माहीत होतं, पण का होते यावर वाद होते, कुणी म्हणायचं गवत संपतं, कुणी म्हणायचं शिकाऱ्यांमुळे. ग्रीनलँडची ही जागा त्यासाठी फार सोयीची, कारण तिथे लेमिंग एकाच जातीचा आणि त्याला खाणारे मुख्य फक्त चार: स्टोट, आर्क्टिक कोल्हा, स्नोई आऊल म्हणजे पांढरं घुबड आणि लांब शेपटीचा स्कुआ पक्षी. 2003 मध्ये या मोजणीवरचा पेपर आला आणि त्यात दिसलं की चक्र फिरवतो तो स्टोट. म्हणजे बघा, लेमिंगला बर्फाखाली भर हिवाळ्यातसुद्धा पिल्लं होतात, गर्भ जेमतेम तीन आठवड्यांचा, त्यामुळे संख्या भराभर वाढते, स्टोटची मात्र वर्षातून एकच वीण, म्हणून तो वर्षभर मागे पडतो, पण एकदा त्याची संख्या वाढली की लेमिंगला पळायला जागा उरत नाही कारण स्टोट एवढा सडपातळ की लेमिंगच्या बोगद्यातून आरामात जातो. मग लेमिंग संपत आले की स्टोट उपाशी मरतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. बाकीचे तिघे लेमिंग भरपूर असतील तेव्हा ताव मारतात आणि नसतील तेव्हा घुबड निघून जातं, स्कुआ त्या वर्षी अंडी घालत नाही किंवा पिल्लं वाचत नाहीत, कोल्हा दुसरं काहीतरी शोधतो.

आणि मग 2000 नंतर हे चक्रच बंद पडलं. आधी भरभराटीच्या वर्षी हेक्टरी दहाच्या वर लेमिंग असायचे, नंतर वर्षानुवर्षं आकडा दोनच्या खाली. 2012 मध्ये दोन्ही ठिकाणचे आकडे एकत्र छापून आले, त्यात स्नोई आऊलच्या घरट्यातून उडून बाहेर पडणाऱ्या पिल्लांच्या संख्येत घसरण 98 टक्के. अठ्ठ्याण्णव! हा पक्षी लेमिंग भरपूर असल्याशिवाय तिथे घरटंच करत नाही, चांगल्या वर्षी मात्र दहा-अकरा अंडीसुद्धा घालतो, म्हणजे त्याचं सगळं गणितच चांगल्या वर्षांवर उभं, आणि ती वर्षंच यायची थांबली.

कारण बर्फ. म्हणजे बर्फ कमी झाला एवढंच नाही, तो बिघडला. जमीन त्यातल्या त्यात उबदार असते, वरची हवा उणे तीसच्या आसपास, त्या फरकामुळे खालच्या थरातली वाफ वर सरकत राहते आणि जमिनीलगत खडीसाखरेसारखे मोठे सुटे कण तयार होतात. त्यात बोगदे खणणं सोपं, तापमान वरच्या हवेपेक्षा बरंच उबदार, शिवाय घुबडाला वरून दिसत नाही. तिथल्या लेमिंगला हिवाळ्यात पुढच्या पायांवर खास मोठी नखं वाढतात ती यासाठीच. पण भर हिवाळ्यात मध्येच गरम हवा आली किंवा चक्क पाऊस पडला की पाणी खाली झिरपतं आणि तळाशी गोठून टणक होतं, मग बोगदेही नाहीत आणि खाणंही बर्फात अडकलेलं. नॉर्वेत फिन्से नावाचं ठिकाण आहे, ऑस्लो-बर्गन रेल्वेमार्गावर, तिथेही 1994 नंतर लेमिंगची मोठी लाट येईनाशी झाली आणि 2008 च्या पेपरमध्ये त्याचा संबंध असाच हिवाळ्यातल्या बर्फाच्या दर्जाशी लागला. लोक म्हणतात ना की थंडी कमी झाली तर बिचाऱ्या प्राण्यांचं बरंच होईल, त्याच्या अगदी उलट आहे हे. त्यांना कडक, कोरडी, सलग थंडी हवीय. स्कँडिनेव्हियात 2010-11 च्या सुमारास लेमिंग पुन्हा जोरात आले होते आणि लगेच आर्क्टिक कोल्ह्यांनाही भरपूर पिल्लं झाली, म्हणजे हिवाळा नीट मिळाला तर ते उसळी मारतात. नुसता जास्त बर्फ पडूनही भागत नाही पण, 2018 मध्ये झाकेनबर्गला एवढा बर्फ पडला आणि इतका उशिरापर्यंत टिकला की त्या वर्षी झाडं, पक्षी, कोल्हे कुणाचीच वीण जवळजवळ झाली नाही.

आता तुम्ही म्हणाल ठाण्यात बसून याचं काय. कर्ल्यू सँडपायपर हे चिखलात चोच खुपसून खाणारे छोटे पक्षी आपल्या ठाणे खाडीवर, शिवडीच्या चिखलावर हिवाळ्यात येतात ते सायबेरियात वीण करून येतात, तैमिर द्वीपकल्प हे त्यांचं मोठं माहेर. तिथेही लेमिंगचं चक्र आहे, साधारण तीन वर्षांचं. लेमिंग भरपूर असले की कोल्हे तिकडे गुंतलेले राहतात आणि पक्ष्यांची पिल्लं वाचतात, लेमिंग कमी झाले की तेच कोल्हे पक्ष्यांच्या घरट्यांकडे वळतात. 1980 च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत पाहुण्या आलेल्या कर्ल्यू सँडपायपरमध्ये त्या वर्षीची पिल्लं किती आणि पश्चिम युरोपात ब्रेंट गीझ या रानटी हंसांमध्ये किती, हे आकडे शेजारी ठेवले तेव्हा दोन्हीकडे एकाच वर्षी चढ आणि एकाच वर्षी उतार दिसला. दोन खंडांवरचे पक्षी, त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, फक्त जन्मगाव एक! मला तर हा सगळ्या विषयातला सगळ्यात भारी पुरावा वाटतो, आणि तो महागड्या यंत्रांनी नाही, दुर्बीण आणि वही घेऊन उभ्या राहिलेल्या लोकांनी मिळवला.

म्हणून माझी खाडीवर जाणाऱ्या सगळ्या मित्रमैत्रिणींना कळकळीची विनंती आहे. आपण थव्याचा एकूण आकडा टाकतो आणि पुढे जातो, त्याऐवजी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये थोडं थांबून त्यात त्या वर्षीची पिल्लं किती तेही मोजा. ओळखायला अवघड नाही, पिल्लाच्या पाठीवरच्या प्रत्येक पिसाला फिकट कड असते त्यामुळे पाठ खवल्याखवल्यांची दिसते, छातीवर हलकी पिवळसर झाक असते, मोठ्यांच्या अंगावर तोवर लाल पिसांचे ठिगळ तरी उरलेले असतात किंवा ते सरसकट करडे झालेले असतात. नोव्हेंबरनंतर हा फरक पुसट होत जातो, तेव्हा उशीर नको. शंभर पक्षी नीट दिसले आणि त्यात पिल्लं चार असोत की चाळीस, तेवढं ई-बर्ड या पक्षी नोंदवायच्या वेबसाइटच्या चेकलिस्टमध्ये त्या पक्ष्याच्या टिपणीत लिहा, फोटो असेल तर जोडा, आणि एकही पिल्लू दिसलं नाही तर 'पिल्लू नाही' असंही आवर्जून लिहा, कारण शून्य हा आकडा इथे फार कामाचा आहे.