कचारगड: दोरी, अंगठा आणि तिसरा हिस्सा

आमच्या पाच जणांत एक पाणबुड्या आहे. नागपुरात अंबाझरी तलावाजवळ राहणारा, लहानपणापासून पोहणारा. नोकरी लागल्यावर अंदमानला स्कुबा शिकला आणि पुढे मेक्सिकोतल्या युकातानला जाऊन पाण्याने भरलेल्या चुनखडीच्या गुहांत बुडी मारण्याचं पहिलं प्रशिक्षण घेऊन आला. तेव्हापासून आम्ही त्याच्या मागे लागलो होतो, आम्हालाही ने म्हणून. त्याचं उत्तर ठरलेलं असायचं: "पाण्यातल्या गुहेचं नाव काढू नका बे. आधी कोरड्या गुहेत जाऊन नीट बाहेर यायला शिका."

म्हणून डिसेंबरात दोन रात्रींसाठी कचारगडला गेलो. गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात, महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड जिथे एकमेकांना भिडतात त्या डोंगररांगेत ही नैसर्गिक गुहा आहे. नागपूरहून इतक्या सोयीची दुसरी मोठी गुहा मला तरी माहीत नाही. तरी आमच्या ओळखीतल्या फार थोड्यांनी ती पाहिली आहे, याचं मला वाईट वाटतं.

जायचे रस्ते दोन. गाडीने गेलात तर भंडारा, साकोली, देवरी, तिथून आमगाव आणि सालेकसा, एकूण दोनशे किलोमीटरच्या आसपास. आम्ही रेल्वेने गेलो आणि मी तेच सुचवेन. नागपूरहून गोंदिया, आणि गोंदियाहून डोंगरगडकडे जाणारी पॅसेंजर. आमगाव, सालेकसा मागे पडलं की दरेकसा. फास्ट गाड्या तिथे थांबत नाहीत, त्यामुळे परतीची पॅसेंजर कोणती हे जातानाच पाहून ठेवा. स्टेशनबाहेर रिक्षा उभी असेलच असं धरू नका. धनेगावपर्यंतच्या वाहनाचं आधी बोलून ठेवलेलं बरं.

पायथ्याचं गाव धनेगाव. गावात शिरण्याआधी आम्ही पोलिसांकडे पाचही जणांची नावं, फोन नंबर आणि परतीचा दिवस लिहून दिला. हा भाग बरीच वर्षं नक्षलग्रस्त म्हणून ओळखला गेला आहे. अनोळखी माणसं रात्री जंगलात दिवे घेऊन फिरताना दिसली तर कुणालाही शंका येणारच. वनविभागाला विचारल्याशिवाय जंगलात तंबू लावू नका. आम्ही जंगलात लावलाच नाही. गावातल्या एका शेतकऱ्याला विचारून त्याच्या खळ्यावर राहिलो. धानाची मळणी नुकतीच आटोपली होती. त्याने स्वतःहून तणस आणून पसरून दिलं, त्यावर ताडपत्री आणि त्यावर तंबू. जमिनीची थंडी तणसाने अडवली, पण पहाटेचं दव मात्र तंबूच्या आतपर्यंत आलं. तंबूचं वरचं कापड आतल्या कापडाला चिकटू देऊ नका आणि झोपायच्या पिशवीवर टाकायला एक घोंगडी ठेवा. थंडी बोचरी असते.

संध्याकाळी रोडगे आणि वांग्याची भाजी केली. गोवऱ्या घरमालकिणीने दिल्या. "पाहुणे हो, चिनोर घ्या थोडा," म्हणत तिने भाताचं पातेलंही आणून ठेवलं. लांबच्या कुठल्या तरी गावात झाडीपट्टीचं नाटक चालू होतं, त्याची पेटी आणि गाणी रात्री उशिरापर्यंत वाऱ्यावर येत होती. दिवाळीनंतर या भागात हे असंच असतं, आणि ते ऐकत झोपणं मला फार आवडलं.

गुहेकडे निघण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा. कचारगड हे साहसाचं मैदान नाही, गोंड समाजाचं श्रद्धास्थान आहे. माघ पौर्णिमेला इथे मोठी जत्रा भरते आणि कितीतरी राज्यांतून कोया पुनेम, म्हणजे गोंडांचा धर्म, मानणारे लोक पिवळे झेंडे घेऊन येतात. कथा अशी की शंभूने गुहेत कोंडलेल्या मुलांना गोंडांचा धर्मगुरू पारी कुपार लिंगो याने सोडवलं. गुहेच्या तोंडावरची शिळा हलवायला संगीतकार हिरासुका पाटालीरने किंगरी हे तंतुवाद्य वाजवलं. शिळा सरकली, मुलं बाहेर आली, आणि तीच शिळा हिरासुकाच्या अंगावर आली. आमच्याबरोबर वर आलेल्या गावातल्या मामांनी ही गोष्ट चढताना सांगितली. सांगताना ते एका ठिकाणी थांबले आणि काही वेळ बोललेच नाहीत. जत्रेच्या दिवसांत जाणार असाल तर दर्शनाला जा; कॅम्पिंग आणि दोऱ्या-बॅटऱ्यांचे प्रयोग तेव्हा करू नका. एरवीही पूजेच्या जागी चपला-बूट काढायचे, दगडांवर काही लिहायचं नाही, आणि भेटेल त्याला "जय सेवा" म्हणायचं. माणसं मोकळेपणाने बोलतात.

मामांना सोबत घेतलं हा आमचा सगळ्यात चांगला निर्णय होता. वाट त्यांना ठाऊक, आणि मोहोळं कुठे लागलेली असतात तेही ठाऊक. वर चढताना अत्तर, डिओ, विडी-सिगारेट, धूर, आरडाओरडा काही नको. आग्या मोहोळ उठलं तर डोंगरावर पळायला जागा नसते. अस्वलंही या बाजूला आहेत, आणि त्यांना दगडांच्या कपारी आवडतात. म्हणून पहाटे आणि तिन्हीसांजेला चढायचं-उतरायचं नाही. डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. आम्ही साडेतीनला गुहेतून बाहेर आणि साडेचारला खाली, असं घड्याळ आधीच बांधून घेतलं होतं.

गुहेचं तोंड बघून आम्ही सगळेच गप्प झालो. आत शिरल्यावर बराच वेळ उजेड मागे मागे येत राहतो, वरच्या बाजूनेही थोडा झिरपतो, आणि मग कडेच्या कोपऱ्यांत तो अचानक संपतो. वटवाघळांचा वास नाकात जातो. त्यांच्या विष्ठेची धूळ फुफ्फुसांना चांगली नाही. आमच्यातल्या डॉक्टरणीने सगळ्यांना मास्क लावायला लावले, ओंजळीने काही उचलू दिलं नाही आणि बाहेर आल्याबरोबर हात धुवायला लावले. वटवाघळांवर थेट झोत मारू नका, फ्लॅश तर नकोच.

इथून पुढे पाणबुड्याने आम्हाला पाण्यातल्या गुहेचे नियम कोरड्यात लावून दाखवले. त्याचं म्हणणं असं की समुद्रात अडचण आली तर वर पाहायचं, वर हवा आहे. गुहेत वर दगड आहे. जिथून आत आलो तिथूनच बाहेर, दुसरी वाट नाही. म्हणून तिथे प्रत्येकाकडे तीन दिवे असतात. बाहेरच्या उजेडापासून आतपर्यंत न तुटणारी दोरी असते. आणि टाकीतली हवा तीन हिश्शांत वाटलेली असते: एक हिस्सा जायला, एक हिस्सा यायला, आणि तिसरा हिस्सा राखून ठेवायचा. तो तिसरा हिस्सा आपला नसतोच. साथीदाराची हवा संपली तर त्याला आपल्या हवेवर बाहेर काढायला तो असतो. आम्ही हवेच्या जागी वेळ, पाणी आणि बॅटरी घेतली. गुहेतल्या कोपऱ्यांसाठी दीड तास ठेवला होता. अर्धा तास झाला की जिथे असू तिथून मागे फिरायचं.

दोरी बांधायची परवानगी मामांना आधीच विचारली होती. ते म्हणाले, "बांधा, पण दगडाले खिळा ठोकू नका, अन् जाताना सारी काढून न्या." चाळीस मीटर पांढरी नायलॉनची दोरी, आणि तिला दर काही पावलांवर कपडे वाळत घालायचे चिमटे. चिमट्याचं तोंड नेहमी बाहेरच्या दिशेला. गुहेत बुडी मारणारे दोरीवर बाण लावतात, ते याच कामासाठी. डोळ्यांना काही दिसत नसताना बोटांना बाहेरची दिशा कळली पाहिजे. दोरी घट्ट धरायची नाही, ओढायची तर मुळीच नाही. अंगठा आणि तर्जनीचा गोल करून त्यातून ती सरकू द्यायची. आम्ही दिवे बंद केले आणि एकामागोमाग एक, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून, चिमटे चाचपत उजेडात आलो. वीस-बावीस पावलांचं अंतर असेल. मला ते फार लांब वाटलं. इतका काळोख मी नागपुरात कधी पाहिलेला नाही. लाइट गेली तरी आपल्याकडे कुठून तरी उजेड येतोच.

दुसऱ्या फेरीला माझी हेडलॅम्प मिणमिणायला लागली आणि विझली. सेल जुने होते. दुसरी बॅटरी होती, पण ती बाहेरच्या सॅकमध्ये राहिली होती. आत येण्याआधी पाणबुड्याने प्रत्येकाला विचारलं होतं आणि मी "आहे" म्हटलं होतं. इतरांच्या झोतात मला पुढचं स्पष्ट दिसत होतं. सगळे रंगात आले होते, अजून दहा मिनिटं बाकी होती. काही न बोलता चालत राहावं असं मला मनापासून वाटलं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण तुमच्याही गटात हे कुणाला तरी वाटेल.

पाण्यात बोलता येत नाही, म्हणून तिथे वर केलेल्या अंगठ्याचा अर्थ छान, शाब्बास असा नसतो. अंगठा वर म्हणजे संपलं, बाहेर चला. कुणीही दाखवावा, केव्हाही दाखवावा, आणि त्यावर का असं कुणी विचारायचं नाही. मी अंगठा वर केला. पाणबुड्याने लगेच तसाच अंगठा दाखवला, बाकीच्यांनीही दाखवला, आणि पाचही जण तिथल्या तिथे वळले. बाहेर येईपर्यंत कुणी काही विचारलं नाही. बाहेर आल्यावर मी सांगितलं. डॉक्टरीण म्हणाली, "बरं केलं." एवढंच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

तेव्हा दिव्यांचं असं करा: प्रत्येकाच्या अंगावर तीन, सॅकमध्ये नव्हे. एक डोक्याला, दोन खिशात. सेल नवे. मोबाइलचा टॉर्च यात धरायचा नाही, कारण मोबाइल मदतीसाठी लागतो, आणि वर रेंजचा भरवसा नाही. आत जाण्याआधी तोंडी विचारणं पुरत नाही, प्रत्येकाने तिन्ही दिवे लावून दाखवायचे. डोक्याला हेल्मेट, पायात पकड असलेले बूट. दगड दमट असतात आणि हात टेकवायला लागतातच, म्हणून हातमोजे. श्वास जड वाटला, डोकं दुखायला लागलं तर त्या कोपऱ्यात हवा कोंडलेली आहे असं समजून लगेच मागे फिरा. कुठे साचलेलं पाणी दिसलं तर त्यात उतरू नका, घोटाभर वाटलं तरी.

पाण्याचा विषय तिसऱ्या दिवशी निघाला. परतीची गाडी दुपारची होती, म्हणून सकाळी हाजरा फॉलला गेलो. दरेकसा स्टेशनपासून जवळ, रेल्वेच्या बोगद्याच्या बाजूला. जवळची वाट म्हणून काही जण रुळांवरून जातात. तसं करू नका. हा मुंबई-हावडा मुख्य मार्ग आहे, मालगाड्या सारख्या चालू असतात. धबधबा पावसाळ्यात बघण्यासारखा. डिसेंबरात धार बारीक झाली होती, पण खालचा डोह भरलेला होता. आमच्यातल्या धाकट्याने पोहायचा चष्मा आणला होता. कातळाखाली पोकळी आहे का, एकदा डोकं घालून बघतो, म्हणाला. चांगला पोहतो तो.

पाणबुड्या त्याच्याजवळ जाऊन बसला आणि अंगठा वर केला. मग शांतपणे सांगत राहिला. कातळाखाली तळाशी गाळ असतो, एक पाय हलला की पाणी दुधासारखं होतं आणि दिवा असूनही स्वतःचा हात दिसत नाही. वर यायचं म्हटलं तर डोकं दगडाला लागतं. भारतात पाण्यातल्या गुहा शोधायचा मोह होईल, पण सराव नसताना, दोरी नसताना, राखीव हवा नसताना उत्तम पोहणाराही त्यात वाचत नाही. 2018 साली थायलंडच्या थाम लुआंग गुहेत बारा मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक अडकले, तेव्हा त्यांना शोधणारे गुहेत बुडी मारण्यात आयुष्य घालवलेले लोक होते. तरीही टाक्या पोहोचवून परतताना समन कुनान हा थाई नौदलाचा माजी जवान हवा संपून गेला. त्या गुहेतलं पाणी उपसायच्या कामात आपल्या किर्लोस्करांचे तंत्रज्ञही होते, हे मला तिथे डोहाकाठी पहिल्यांदा कळलं. मुलं बाहेर आली त्यात बुडी मारणाऱ्यांइतकाच उपशाचाही हात होता, असं पाणबुड्याचं मत.

धाकट्याने चष्मा पिशवीत ठेवला. का, असं त्याने विचारलं नाही.

अजून थोडं राहिलं. पाणी गावातूनच माणशी तीन लिटर भरून घ्या, वर मिळेल या भरवशावर राहू नका. साप चावला तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही. हात-पाय न हलवता सरकारी रुग्णालय गाठायचं. 108 ला फोन लावायला रेंज कुठे मिळते ती जागा पहिल्याच दिवशी गावात विचारून ठेवा. वाटाड्या म्हणून येणाऱ्याचे पैसे निघण्याआधी ठरवा आणि ठरल्यापेक्षा थोडे जास्त द्या. त्याचा कामाचा दिवस आपण घेतलेला असतो. खळ्यावर राहिलात तर निघताना तणस पुन्हा एका जागी रचून द्या, गुरांच्या वैरणीचं आहे ते. त्यात प्लास्टिकचा एक तुकडाही राहू देऊ नका.

गुहेतून निघताना दोरी आम्ही मामांसमोर गुंडाळली होती. चिमटे मोजले, सतरा नेले होते आणि सोळा भरले. मामा आणि धाकटा पुन्हा आत गेले, दोघांच्याही अंगावर तीन-तीन दिवे. दहा मिनिटांनी धाकटा बाहेर आला तेव्हा सतरावा चिमटा त्याच्या शर्टाच्या खिशाला लावलेला होता.